ओट्याची विळी

बाईची उंची कमी व्हायला लागली की ते सगळ्यात आधी साडीला कळतं. वर्षानुवर्षं नेसलेल्या पाचवारीच्या निऱ्या पायात यायला लागतात, परकर फरशीवर लोळतो, ब्लाऊज पाठीत वर सरकतो. साताऱ्याची माझी आत्या परकराची नाडी जरा वर, मग आणखी जरा वर बांधत गेली. घरात कुणाच्या ते ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही. पाठ धरली की उसण भरली म्हणायची, तेल चोळून घ्यायची, शेकायची आणि पुन्हा कामाला लागायची. पाठीचे मणके असेच गुपचूप खचतात. त्यासाठी पडावं लागत नाही. पाण्याची बादली उचलणं पुरतं, कधी जोराचा खोकलासुद्धा.

हाडात आयुष्यभर मोडतोड आणि डागडुजी चाललेली असते. पाळी गेली, इस्ट्रोजेन ओसरलं, की मोडतोडीचा वेग वाढतो आणि डागडुजी मागे पडते. फुलर ऑलब्राइट या अमेरिकन डॉक्टरांनी हा संबंध 1940 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळिशी-सत्तेचाळिशीत जाते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा काही वर्षं आधीच. आणि बीडच्या ऊसतोड बायकांचं काय? 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर आकडे आले, तेव्हा पाहणी केलेल्या ऐंशी हजारांहून अधिक बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यात कित्येक तरुण होत्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल, तर पाळी जाण्याआधीची चार-पाच वर्षांची उतरणही त्या बाईच्या वाट्याला येत नाही. एका दिवसात सगळं थांबतं, आणि तिला पुढे मोळ्या उचलायच्याच असतात. या बायकांची हाडं आणि मनं कुणी तपासतंय का, हा प्रश्न मला सुटत नाही.

आत्याचं दुखणं हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये आकड्यात आलं. टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. तिचा पुष्कळच खाली होता. एक मणका दबलेला. कमरेला पट्टा आला, कॅल्शियम आलं, आठवड्याची गोळी आली. त्याबरोबर घरभर एक नवी भाषा आली. वाकू नका. उचलू नका. जिना चढू नका. तुम्ही बसा, आम्ही करतो. सगळं मायेपोटी होतं, आणि डॉक्टरांनी वाकायचं नाही हे सांगितलंही होतं. पण आत्या आयुष्यभर विळीवर बसलेली बाई. एक गुडघा वर, एक पाय पाटावर, मेथीची जुडी बघता बघता चिरून व्हायची. पाठीला बाक देणारी तीच बैठक आता बंद झाली. सूनबाईने विळी माळ्यावर टाकली. त्यानंतर आत्या खिडकीशी खुर्चीत बसायला लागली आणि हळूहळू तिथून उठेनाशी झाली.

उदास आहे असं ती एकदाही म्हणाली नाही. आपल्याकडे बाया तसं म्हणत नाहीत. तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही, पहाटे तीनला जाग येते, कशात जीव रमत नाही, हे म्हणतात. आम्ही ते वयाच्या खात्यावर टाकलं. भेटायला येणारे तर सरळ धीर द्यायला लागायचे. काही होत नाही, आमच्या शेजारच्या काकू बघा कशा चालतात, नाचणी खा, देवाचं नाव घ्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात अशा पोकळ दिलाशांवर आणि फुकट सल्ल्यांवर एक आख्खं प्रकरण आहे. क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींची शुश्रूषा करून परतल्यावर ती स्वतः कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. खाटेवरच्या माणसाला असले शब्द कसे लागतात, हे तिला दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं.

आमच्याकडे येणाऱ्या सिस्टरांनी धीर दिला नाही. त्या आत्याच्या समोर मोडा ओढून बसल्या, नजरेला नजर भिडेल अशा उंचीवर, आणि विचारलं, “काकू, गेल्या दोन आठवड्यांत असे किती दिवस गेले, की ज्या गोष्टीत एरवी मन लागायचं त्यात लागलं नाही?” आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सगळेच.” झोपेचं, भुकेचं विचारून झाल्यावर सिस्टरांनी त्याच सुरात पुढचं विचारलं, “जगणं नको असं वाटतं का?” आम्ही दारात उभे होतो, आमच्या अंगावर काटा आला. आत्या मात्र रडली, आणि रडून झाल्यावर मोकळेपणाने बोलली. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत. असतात ते बाहेर यायला वाट मिळते. सिस्टरांनी डॉक्टरांना कळवलं, औषध सुरू झालं. नैराश्यावरची काही औषधं हाडांच्या आणि तोल जाण्याच्या दृष्टीने जपून द्यावी लागतात, म्हणून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून मानसोपचारतज्ज्ञांपुढे ठेवल्या. मोडलेलं हाड एका खोलीत आणि खचलेलं मन दुसऱ्या खोलीत, अशी दवाखान्याची वाटणी असते. दोन्हीकडचे कागद एका पिशवीत घालणारं माणूस लागतं, आणि ते बहुधा सिस्टरच असतं.

आठवड्याची ती गोळी अवघड. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. चहासुद्धा नाही. आडवं झालं, तर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. चहाशिवायचा तो अर्धा तास आत्याला सोसवायचा नाही. सिस्टर बरोबर त्याच वेळेला यायच्या. अर्धा तास दोघी ताठ बसून बोलायच्या. माहेरच्या विहिरीबद्दल, मेलेल्या बहिणीबद्दल, पडायच्या भीतीबद्दल. भीतीचं बोलणं सगळ्यात लांबायचं. एकदा न्हाणीघरात पाय घसरता घसरता राहिला होता, तेव्हापासून ती पावलं मोजून टाकत होती. न चालल्याने पाय आणखी लटपटायला लागले होते, आणि पाय लटपटतात म्हणून भीती वाढत होती.

गोव्यात ‘संगात’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकरवी नैराश्यावर सहा ते आठ बैठकांचा उपचार करून पाहिला. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा गुण आल्याचं प्रसिद्ध झालं. त्याचा गाभा अगदी साधा आहे. मन लागेल तेव्हा काम करू असं न म्हणता, आवडीचं छोटंसं काम ठरवून हातात घ्यायचं. मन मागून येतं. सिस्टरांना हे कुठल्या कागदावरून कळलं की अनुभवाने, मी विचारलं नाही. त्यांनी सूनबाईला बोलावून सांगितलं, “यांच्या हातातून काम काढू नका, कामाची उंची बदला.”

हाडालाही भार लागतो. अंथरुणावर पडून राहिलं तर ते आणखी विरतं. बाजारात ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायची विळी मिळते. ती आणली, कमरेच्या उंचीला बसवली. न्हाणीघरात दांडी लावली, घसरणारं पायपुसणं काढलं. पहिल्या दिवशी आत्याने चार भेंड्या चिरल्या आणि दमून बसली. पाती नवीन, धार वेगळी, हात चाचरत होता. सिस्टर बाजूला उभ्या होत्या, पण त्यांनी एकीलाही हात लावला नाही. उरलेल्या भेंड्या सूनबाईने चिरल्या, आणि आत्या म्हणाली, “जाड चिरल्यात.” कितीतरी दिवसांनी तिने कशाला तरी नाव ठेवलं होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसाळ्यात ऊन नसतं, फिरणं बंद होतं, आणि ती पुन्हा खिडकीशी बसते. गेल्या श्रावणात असंच झालं. आम्ही अजून नुसते एकमेकांकडे बघत होतो, तोवर तिने स्वतःच फोन लावला. “सिस्टर, परत तसंच व्हायला लागलंय.” पलीकडून झोपेचं विचारलं असावं, कारण आत्या म्हणाली, “तीनला जाग येते.” मग तिने कॅलेंडरवर मंगळवारला खूण केली आणि सूनबाईला चिठ्ठ्यांची पिशवी काढून ठेवायला सांगितलं.