आधी खोली, मग माइक

घरी स्टुडिओ करायचाय म्हणून विचारायला येणारी पोरं आधी माइकचं नाव विचारतात. मी त्यांना त्यांच्या खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवायला सांगतो. टाळीमागून झणझण ऐकू आली, तर पहिला पैसा खोलीवर खर्चायचा. गिलाव्याच्या भिंती, फरशी आणि वरचा स्लॅब यांच्यात आवाज आपटत राहतो, आणि महागडा कंडेन्सर माइक ती आपटाआपट जास्तच इमानदारीनं टिपतो.

बाहेरचा गोंगाट अडवणं आणि आतला घुमारा कमी करणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्याला वजन लागतं. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांतल्या जाड मातीच्या भिंती ते काम फुकटात करतात, म्हणून परभणीत रस्त्यालगतची खोली भाड्यानं घेण्याआधी गावाकडची आतली खोली बघा, असं माझं ठाम मत आहे. पत्र्याच्या खोलीत मात्र पावसाळाभर काम बंद. दुसऱ्या कामाला जाडी लागते. अंड्याचे ट्रे चिकटवून काही साधत नाही. या कापसाच्या मुलखात जुन्या गाद्या आणि वाकळा घरोघरी निघतात, त्या वापराव्यात. भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडून टांगा. तेवढ्यानं त्या आणखी खालचे सूर शोषतात. ढोलकीच्या धुमाला तेही पुरत नाही. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला गादी काय अडवणार? तिथं जागा बदलणं हाच उपाय: ढोलकीवाल्याला कोपऱ्यात बसवायचं नाही आणि खोलीच्या ऐन मध्यावरही नाही.

सामान थोडकंच. चालता लॅपटॉप, दोन माइक लागतील असा यूएसबी इंटरफेस, एक-दोन डायनॅमिक माइक, बंद कानाचा हेडफोन. रेकॉर्डिंगचं ऑडॅसिटी सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सूर सांधता येत नाही. गुणगुण येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली, तर चार्जर आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या.

भजनी मंडळात खरी पंचाईत टाळांची होते. त्यांची किणकिण गायकाच्या माइकात घुसली की शब्द बुडतात. साध्या डायनॅमिक माइकला मागच्या बाजूचं कमी ऐकू येतं, म्हणून टाळकऱ्यांना माइकच्या पाठीमागं बसवायचं. पैसा न लागता निम्मं मिक्सिंग तिथंच होतं.

पण ज्यासाठी मला गावोगाव असे स्टुडिओ हवेत, ती गोष्ट जात्यावरच्या ओव्यांची. आमचा परभणी हा संत जनाबाईंच्या गंगाखेडचा जिल्हा. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात १९९६ साली ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज टिपला गेला, म्हणून तो आज ऐकता येतो. तसे आवाज अजूनही घराघरांत आहेत, आणि ते टिपायची यंत्रं आता पोरांच्या हातात आलीत.

जातं फिरताना जमीन थरथरते आणि ती थरथर स्टँडमधून माइकात चढते. स्टँडखाली चौघडी घातलेली वाकळ ठेवावी. एक माइक ओवी गाणाऱ्या बाईंच्या तोंडापासून हातभर, जरा बाजूला. दुसरा जात्याशेजारी, खाली. घरघर नको म्हणून फिल्टर लावून कापणारे मला मुळीच पटत नाहीत. ओवीची लय त्या फेऱ्यातच आहे. बाईंना हेडफोन लावू नये. मे महिन्यात पंखा बंद केला की "बाबा, जीव जातोय की," असं ऐकावं लागतं. दोन-चार ओव्या झाल्या की पंखा लावायचा, पाणी द्यायचं. आणि रेकॉर्डिंग मात्र चालूच ठेवायचं, कारण दम घेताना मावशी शेजारणीला सांगतात ती ओवी कुणाची, कुठल्या माहेरची, आणि हे पुन्हा विचारलं तर तसं सांगत नाहीत.

डिस्कवरच्या जागेची चिंता करू नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एका माइकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास लागतात. फाइलच्या नावात गाव, गाणारीचं नाव आणि तारीख त्याच दिवशी घालावी, एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. शेवटचं मिक्स साध्या मोबाइलच्या स्पीकरवर लावून बघावं. मावशींच्या नातवंडांकडं तेच असतं.