अरुणाचलाची वाट : भाग दुसरा

शनिवार, मदुराई

मीनाक्षी मंदिराच्या दक्षिण गोपुराजवळ, चोक्कप्पा नायकन गल्लीत, मी शोधत होते ते घर सापडले. १८९६ च्या जुलैमध्ये काकांच्या या घराच्या माडीवर वेंकटरमण नावाचा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा एकटा बसला होता. प्रकृती ठणठणीत होती, आजारपण कसलेच नव्हते. तरीही आपण आत्ता मरणार, अशी भीती एकाएकी त्याच्या मनात शिरली. त्याने ना काकांना हाक मारली, ना वैद्याकडे धाव घेतली. तो जमिनीवर आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ मिटले, श्वास रोखला आणि आत पाहू लागला : हे शरीर आता स्मशानात जाईल, जळेल, मग ‘मी’ही जळणार का? त्या थोड्या वेळात त्याला जे गवसले ते पुढची चौपन्न वर्षे टिकले. हाच मुलगा पुढे रमण महर्षी म्हणून ओळखला जाऊ लागला.

खोलीत ध्यानाला बसलेली पाच-सहा माणसे होती. मीही भिंतीशी टेकले. आईची शेवटची आठवण बरोबर घेऊनच मी या प्रवासाला निघाले आहे, हे मागच्या भागात लिहिले होते. शेवटच्या आठवड्यात आई आम्हा भावंडांना ओळखत नव्हती. स्वतःचे नावही तिला सांगता येत नव्हते. पण संध्याकाळ झाली की ओठ हलत आणि हरिपाठ सुरू होई, एकही ओळ न चुकता. सगळी ओळख पुसली गेल्यावर ते नाम कुणाच्या आधाराने उभे होते? देव कसा असतो, हा प्रश्न मला पोथीतून पडलेला नाही, त्या खाटेशेजारी पडला.

इथे वाचलेली एक गोष्ट मनात घर करून राहिली. त्या अनुभवानंतर मुलाचे देवळात जाणे कमी झाले नाही, उलट वाढले. रोज संध्याकाळी तो मीनाक्षीसमोर आणि त्रेसष्ट नायन्मार संतांच्या मूर्तींसमोर उभा राही आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागे. ‘मी कोण’ हे कळलेल्या माणसाला मूर्तीपुढे रडू का यावे? आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या तुळशीची माळ आहे. आत्मविचाराच्या वाटेने गेले तर विठ्ठल हातचा जाईल, ही धास्ती मी बरोबर आणली होती. माडीवरून उतरताना ती बरीच हलकी झाली होती.

रविवार, रेल्वेत

मदुराईहून विळुपुरम, तिथे गाडी बदलून तिरुवण्णामलै. वेंकटरमण घर सोडून याच दिशेने निघाला तेव्हा थोरल्या भावाच्या फीसाठी मिळालेल्या पाच रुपयांतले तीन त्याने घेतले होते. उरलेले दोन चिठ्ठीबरोबर घरी ठेवले. चिठ्ठीखाली सही नव्हती. वाटेत पैसे संपले, तेव्हा कानातली सोन्याची कुडी चार रुपयांना गहाण टाकली आणि १ सप्टेंबर १८९६ च्या सकाळी तो पोहोचला. पुन्हा ते गाव सोडून कधी गेला नाही.

सोमवार, तिरुवण्णामलै

स्टेशनातून बाहेर पडताच अरुणाचल डोंगर समोर आला. साधारण आठशे मीटर उंचीचा, खडकाळ. पाहणाऱ्याला दिपवून टाकावे असे त्यात काही नाही. पण इथला माणूस त्याला देवाचे घर म्हणत नाही, देवच म्हणतो. पायथ्याचे अरुणाचलेश्वराचे देऊळ इतके अवाढव्य आहे, पूर्वेचे अकरा मजली राजगोपुर सहासष्ट मीटरचे आहे, तरी खरे लिंग म्हणजे मागचा डोंगर, अशीच श्रद्धा आहे. पंचमहाभूतांच्या पाच लिंगांपैकी हे अग्नीचे.

कथा आपल्याला ठाऊक असलेलीच : ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात थोर कोण, असा वाद झाला आणि मध्ये अग्नीचा स्तंभ उभा राहिला. विष्णू वराह होऊन मूळ शोधायला खाली गेला, ब्रह्मा हंस होऊन टोक शोधायला वर. दोघांनाही अंत लागला नाही. विष्णूने तसे कबूल केले, ब्रह्मा केतकीची खोटी साक्ष घेऊन आला. लहानपणी ही शिक्षेची गोष्ट वाटायची. आज गाभाऱ्यापुढच्या उकाड्यात रांगेत उभी असताना तिचा दुसरा अर्थ लागला. देवाचे माप घ्यायला निघालेले ते दोघे लहान नव्हते. वर जाणारा आणि खाली जाणारा, दोघेही बाहेरच शोधत होते.

हजार खांबांच्या मंडपाखाली पाताळलिंगाची अंधारी खोली आहे. कोवळा वेंकटरमण इथे इतका बुडून बसला की मुंग्या-किड्यांनी मांड्या कुरतडल्या तरी त्याला भान नव्हते. शेवटी लोकांनी त्याला उचलून बाहेर आणले. देहाची अशी हेळसांड होणे हेच आत्मज्ञान, असा समज कुणी करून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. पुढे हेच महर्षी आश्रमाच्या स्वयंपाकघरात पहाटे भाज्या चिरायला बसत आणि शिळे अन्नही वाया जाऊ देत नसत.

मंगळवार, आश्रम

रमणाश्रमात पहिल्याच पंगतीत कोल्हापूरच्या एक मावशी शेजारी आल्या. दरवर्षी येतात. त्यांनी आधी कामाचे सांगितले : “गिरिवलमला, डोंगराच्या प्रदक्षिणेला, अनवाणीच जायचं, आणि पहाटे चारला निघ. ऊन चढलं की डांबर पाय भाजतं.” मग सांबार-भातावर ताक घेता घेता म्हणाल्या, “मी कोण, मी कोण, असं मला काही जमत नाही बघ. मी समाधीपुढं बसून नाम घेते.”

“चालतं ते इथे?”

“चालतं म्हणजे? त्यांनीच दोन वाटा सांगितल्यात. विचार कर, नाहीतर स्वतःला सोपवून टाक.”

ते खरेच आहे. महर्षींनी विचार आणि शरणागती या दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या ठेवल्या. संत नामदेवांच्या नावावरचा नाममाहात्म्यावरचा एक इंग्रजी लेख त्यांनी आपल्या कोचाजवळच्या पुस्तकांत जपून ठेवला होता आणि येणाऱ्यांना ते तो वाचून दाखवत. तमिळ मुलखातल्या अद्वैती ज्ञान्याच्या उशाशी आमचा नामा! हे कळले तेव्हा माझे डोळे भरून आले.

दुपारी जुन्या सभागृहात बसले. महर्षी वर्षानुवर्षे जिथे राहिले, लोकांना भेटले, ती ही लांबट खोली. कोचावर आता त्यांचे चित्र आहे. डोळे मिटले आणि पहिला अर्धा तास आईच येत राहिली : तिचा हात, औषधांचा वास, त्या रात्री मी थोडा वेळ झोपले होते याची टोचणी. मग महर्षींनी सांगितल्याप्रमाणे विचारले, हे दुःख कुणाला होते आहे? मला. हा ‘मी’ कुठे आहे? उत्तर आले नाही. पण विचारणारीच क्षणभर सापडेना. दुःख तिथेच होते, फक्त त्याला कवटाळून बसलेले कुणी नव्हते. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बाहेर मोर ओरडला आणि ‘मी’ परतले.

याला मी ईश्वराचे दर्शन म्हणणार नाही. महर्षी तर दर्शने, तेज, नाद यांना फारसे मोल देत नसत. जे येते ते जाणारच. येण्याजाण्याच्या आधीपासून जे आहे त्याकडे पाहा, हा त्यांचा रोख. माझ्यापुरती कसोटी एकच : सभागृहातून बाहेर पडल्यावर आईवरची माया उणी झाली का? नाही झाली. टोचणी मात्र सैल झाली.

बुधवार

गिरिवलम, चौदा किलोमीटर. पहाटे चारला निघाले. इंद्रलिंगापासून ईशान्यलिंगापर्यंत आठ दिशांची आठ लिंगे वाटेवर आहेत. सुरुवातीला तोंडाने ‘विठ्ठल विठ्ठल’ चालले होते, पावलांच्या ठेक्यावर. आदिअण्णामलैच्या देवळापाशी उजाडले. दर वळणावर डोंगराचा आकार बदलतो : एकीकडून एकच शिखर, दुसरीकडून तीन. पाहणारी बदलते म्हणून तो बदलतो, तो जागचा हलत नाही.

कुबेरलिंगाच्या पुढे तळपायांना फोड आले होते. केव्हातरी माझ्या लक्षात आले की नाम थांबले आहे. मी थांबवले नव्हते. चालणे होते, डोंगर होता, आणि नामात जी गोडी असते ती नामाशिवाय होती. काही वेळाने नाम पुन्हा आले, आपले आपण. तेव्हा प्रथमच वाटले की आईचे नाम आठवणीच्या आधाराने उभे नव्हते. आठवणच त्याच्या आधाराने उभी होती, आणि आठवण गेल्यावर ते उघडे पडले.

गुरुवार, स्कंदाश्रम

आश्रमामागून दगडी पायवाट वर जाते. विरूपाक्ष गुहेत महर्षी १८९९ ते १९१६ राहिले. भिक्षेला जाणाऱ्या साधूंसाठी त्यांनी डोंगराला उद्देशून १०८ कडव्यांचे अक्षरमणमालै रचले ते याच काळात. प्रियकराला आळवावे, रुसावे, भांडावे तसे ते स्तोत्र आहे, असे मावशींनी अर्थ लावून सांगितले. ज्याला दोन उरले नव्हते, त्याने डोंगरावर इतके प्रेम करावे! माझ्या मनातला सगुण-निर्गुणाचा तंटा इथे मिटला. निर्गुण कळलेल्याला सगुण टाकून द्यावे लागत नाही. त्याचेच प्रेम निखळ होते, कारण त्याला त्यातून काही मागायचे उरलेले नसते.

त्याच्या वर स्कंदाश्रम. महर्षींची आई अळगम्माळ शेवटची वर्षे इथे त्यांच्याजवळ राहिली. १९ मे १९२२ रोजी ती गेली. दिवसभर एक हात तिच्या हृदयावर आणि एक मस्तकावर ठेवून ते बसून होते. एकेकाळी मुलाला घरी न्यायला आलेली आई अखेर त्याच हातांखाली शांत झाली. तिला डोंगराच्या पायथ्याशी ठेवले, काही महिन्यांनी महर्षीही खाली उतरून तिथेच राहिले, आणि आश्रम त्या समाधीभोवती वाढला.

संध्याकाळी खाली येऊन त्या समाधीवरच्या मातृभूतेश्वराच्या गाभाऱ्यापुढे बसले. तमिळ पारायण संपल्यावर मी हरिपाठ म्हटला, मोठ्याने, मराठीत. कुणी अडवले नाही. मावशी दोन ओळींनंतर सुरात सूर मिसळून म्हणू लागल्या.

जेवताना त्यांनी आठवण करून दिली की नामदेव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची गोष्ट महर्षी आवडीने सांगत. शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेला म्हातारा, आणि देव नसेल तिथे माझे पाय ठेव, हे त्याचे आव्हान. “त्या देवळात गेलीस का कधी?” मावशींनी विचारले. गेले नव्हते. मराठवाड्यातली ती जागा माझ्या घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

परतीचे तिकीट बदलून घेतले आहे. पुढचा भाग औंढा नागनाथहून लिहीन.