संगणकातली भानामती

आमच्या मराठवाड्यात भानामती नावाचा एक प्रकार असायचा. अजूनही अधूनमधून ऐकू येतो. दांडीवरचे कपडे पेटायचे, पत्र्यावर दगड पडायचे, पिठाच्या डब्यात बिब्बे सापडायचे. मग देवऋषी यायचा, लिंबू-नारळ व्हायचं आणि शेवटी गल्लीतल्या एखाद्या एकट्यादुकट्या बाईकडे बोट जायचं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत जाऊन बारीक चौकशी केली, तेव्हा करणारं माणूस बहुतेक वेळा घरातलंच निघायचं. पण तोवर त्या बाईचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या आण्णांचा कंप्युटर.

आण्णा म्हणजे माझे थोरले काका. निवृत्त शिक्षक, मुक्काम धाराशिव. (बोलताना ते अजून उस्मानाबादच म्हणतात, लिहिताना मात्र कटाक्षाने धाराशिव.) नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी एमएस-सीआयटी केलं आणि मग एक नादच लागला. तेर, ढोकी, कळंबकडच्या खेड्यांत जायचं, म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या, वहीत उतरवायच्या आणि रात्री घरी येऊन दोन बोटांनी टाईप करायच्या. अकरा वर्षं हे चाललंय. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यातल्या कितीतरी बायका आता नाहीत.

२०२५च्या दिवाळीत मी घरी गेलो तर आण्णा बोलायलाच तयार नाहीत. काकू म्हणाली, "कंप्युटर हॅक झालाय म्हणतेत. जेवण गोड लागंना त्यांना."

आण्णांनी पुरावे मांडले. एक, माऊसचा बाण आपोआप हलायलाय. दोन, "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले" अशा लाल पाट्या कोपऱ्यात यायल्यात. आणि तीन, पेनड्राइव्हमधले ओव्यांचे फोल्डर गेले, नुसत्या बाणाच्या खुणा राहिल्यात. कुणीतरी आत बसून सगळं बघतंय, अशी त्यांची खात्री. कुणीतरी म्हणजे कोण, तेही ठरलेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा मुलगा. ऑगस्टमध्ये तो ॲडमिशनचा फॉर्म भरायला दोन तास त्या कंप्युटरवर बसला होता. "त्याला कंप्युटरातलं लई कळतं," एवढाच काय तो गुन्हा! आण्णा त्याच्या वडिलांना बोलूनही आले होते. पोरगं तेव्हापासून खाली मान घालून जिन्याने ये-जा करत होतं.

मला ओव्यांची काळजी होतीच, पण खरं सांगू का, त्या पोराची जास्त वाटली.

तर मंडळी, पहिलं काम केलं ते म्हणजे इंटरनेट काढलं. आत कुणी असलंच तर त्याचा रस्ता आधी बंद. दुसरं, काहीही पुसायच्या आधी मोबाईलवर स्क्रीनचे फोटो काढून ठेवले. आपल्याकडे उलटं होतं. दुकानवाला आल्या आल्या फॉरमॅट मारतो. रोगी बरा होतो, पण रोग काय होता ते कधीच कळत नाही.

मग एकेक पुरावा घेतला.

बाण हलतो याचं उत्तर टेबलावरच होतं. आण्णांनी नवीन काचेचं टेबल आणलं होतं. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागावर प्रकाश टाकतो आणि त्याची चित्रं घेत हालचाल मोजतो. गुळगुळीत काचेवर त्याला धरायला काही मिळत नाही, मग बाण थरथरतो, सरकतो. खाली जुनी वही ठेवली. बाण गप्प!

लाल पाट्यांचं उत्तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये. कुठल्याशा साइटने "नोटिफिकेशन पाठवू का?" असं विचारलं होतं आणि "अलाऊ" दाबलं गेलं होतं. त्या पाट्या म्हणजे व्हायरस नव्हता, व्हायरसची भीती घालून काहीतरी विकायची जाहिरात होती. नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली, एक्स्टेंशनची यादीही तपासली. दोन मिनिटांचं काम.

राहिला तिसरा पुरावा. तो मात्र खरा निघाला.

पेनड्राइव्हमधले फोल्डर जाऊन त्या जागी शॉर्टकट येणं ही जुनी ओळखीची लागण आहे. त्यातला किडा खऱ्या फोल्डरांना लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट करून ठेवतो. आपण फोल्डर समजून क्लिक करतो, फोल्डर उघडतोही, पण त्याच क्लिकने किडा आपल्या मशिनवर उतरतो. झेरॉक्सची दुकानं, फोटोवाले, नेटकॅफे, जिथे दिवसाला पन्नास पेनड्राइव्ह लागतात तिथे त्याची चंगळ.

टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपची यादी पाहिली, म्हणजे मशिन चालू होताना आपोआप काय काय सुरू होतं ते. त्यात एक अगम्य नावाची स्क्रिप्ट. आणखी खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' नावाचं मोफत साधन आहे. चोराला बंद घरात पुन्हा शिरायचं तर कुठलीतरी खिडकी उघडी लागते, आणि अशा सगळ्या खिडक्या ते एका यादीत दाखवतं. त्यातही तीच एक नोंद संशयास्पद होती. दुरून मशिन चालवायचं कुठलंही सॉफ्टवेअर नव्हतं, अनोळखी यूजर नव्हता.

स्क्रिप्टच्या फाईलवर तारीख होती १९ मे. पोरगा बसला होता ऑगस्टमध्ये.

आण्णा लगेच मानणारे नव्हेत. "तारीख बदलता येत नाही का?" म्हणाले. प्रश्न बरोबर होता. तारीख बदलता येते. म्हणून दुसरी साक्ष काढली. एखादं यूएसबी उपकरण मशिनला पहिल्यांदा लागतं, तेव्हा विंडोज त्याची नोंद आपल्या एका लॉग फाईलमध्ये तारीख-वेळेसह लिहून ठेवतं. त्या नोंदीत १९ मेला संध्याकाळी एक नवा पेनड्राइव्ह लागलेला, आणि स्क्रिप्ट आली त्यानंतर तीन मिनिटांनी. तिसरी साक्ष डाऊनलोडच्या फोल्डरात होती. पोराच्या ॲडमिशनची पावती, ११ ऑगस्ट.

"मेमध्ये कुणाचा पेनड्राइव्ह लावला होता?" मी विचारलं.

काकूच बोलली. "लग्नाचे फोटो नव्हते का आले, बबीच्या?"

आण्णा बराच वेळ गप्प बसले.

आता साफसफाई. विंडोजमध्येच डिफेंडर नावाचा पहारेकरी असतो, त्यात 'ऑफलाइन स्कॅन' असा पर्याय आहे. मशिन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आधी तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला झाकायला वेळ मिळत नाही. त्याने स्क्रिप्ट पकडली. मग दुसरं मत म्हणून सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरचं मोफत साधन चालवलं. केंद्र सरकारने हे २१ फेब्रुवारी २०१७ला सुरू केलं. आपल्या पैशाने चाललेली सोय आहे, वापरत चला!

शेवटी पेनड्राइव्ह. 'ॲट्रिब' हा डॉसच्या काळातला हुकूम, त्याने फाईलवरचा 'लपलेली' हा शिक्का काढता येतो. एंटर दाबलं आणि फोल्डर एकेक करून वर आले. तेर, ढोकी, येडशी... आण्णांनी चष्मा काढून पुसला. ओव्या गेल्याच नव्हत्या, नजरेआड झाल्या होत्या.

इथे थांबून चालत नाही, बरं का. स्कॅन "सगळं ठीक" म्हणालं म्हणजे काही चोरीला गेलं नाही असं सिद्ध होत नाही. म्हणून पासवर्ड बदलले, आणि तेही त्या मशिनवरून नाही तर मोबाईलवरून. जीमेलमध्ये कुठकुठल्या उपकरणांवर खातं उघडं आहे ते पाहिलं, मेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याची सोय कुणी लावून ठेवली नाही ना ते पाहिलं, टू-स्टेप चालू केलं. बँकेचं पासबुक भरून आणलं. पैसे गेले असते तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करायचा असतो, कारण जितका उशीर तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगत जातात. आणि साफ करूनही तीच गोष्ट परत उगवली, किंवा दुरून मशिन चालवणारं काही सापडलं, तर मात्र फक्त आपल्या कागदपत्रांची प्रत घ्या आणि सरळ फॉरमॅट करा. तिथे हुशारी नको.

हे घरच्या घरी जमतं का, असं पुष्कळ जण विचारतात. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या कंप्युटरांत व्हायरस दिसायला लागले, तेव्हा कॉलेजात शिकणारा धाकटा भाऊ संजय त्यावर प्रोग्राम लिहायला लागला. १९९५ साली त्यांचा पहिला अँटिव्हायरस बाजारात आला. तीच पुढे क्विक हील झाली आणि २०१६ला शेअर बाजारात गेली. सुरुवात दुरुस्तीच्या टेबलावरच झाली होती.

आणि उलट बाजूही आहे. त्याच पुण्यात ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. मालवेअरच्या जोरावर चोरांनी बँकेचा खोटा स्विच उभा केला. एटीएममधून आलेल्या मागण्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत न जाता तो परस्पर मंजूर करत राहिला. २८ देशांत पैसे निघाले, एकूण सुमारे ९४ कोटी गेले. म्हणजे एवढ्या मोठ्या बँकेलाही हे चुकलं नाही. त्याआधी १२ मे २०१७ला वॉनाक्राय जगभर पसरला. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पुष्कळांनी अपडेट केलं नव्हतं इतकंच. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आण्णांच्या मशिनवर ११ बसत नाही, म्हणून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत नोंदवून दिली. पुढचं पुढे.

तर सांगायचा मुद्दा असा, की "हॅक झालं" हा शब्द फार सैल झालाय. काच, जाहिरात आणि किडा, तीन वेगळी कारणं, पण भीतीने त्यांची एकच गोष्ट केली. आणि गोष्ट झाली की तिला एक खलनायक लागतो. तो नेहमी जवळचा, तरुण आणि उलट न बोलणारा असतो. संगणक तपासायचा तो नुसता संगणकासाठी नाही. तारखा बघितल्या की माणसं सुटतात.

आण्णा त्याच संध्याकाळी जिना चढून वर गेले. गुडघे दुखतात म्हणून एरवी जात नाहीत. काय बोलले ते मी विचारलं नाही. पोरगा अजून आमच्या खोलीत येत नाही, पण आता दारात थांबून बोलतो. तेवढं व्हायला तीन महिने लागले.

ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत. एक मशिनवर, एक कपाटातल्या हार्डडिस्कवर, जी फक्त प्रत घेतानाच जोडायची, आणि एक माझ्याकडे पुण्यात. तुमच्या घरात असं जे काही असेल, आजीचा आवाज, जुने फोटो, कुणाची वही, त्याची दुसरी प्रत आजच करा. उद्या नको.