उमरठच्या वाटेवरचं इराण

पोलादपूर तालुक्यात लोक इराणबद्दल शेजारच्या गावासारखं बोलतात. 'त्यांचा डावा कोपरा भारी', 'ते घोटा धरला की सोडत नाहीत', 'अंगानं दांडगे आहेत, पण डोकंही आहे'. तेल, अणुबॉम्ब, तेहरान यांचं नावही निघत नाही.

मी मूळची नागपूरची, आता टोरोंटोत राहते. बेत साधा होता: महाडचं चवदार तळं, मग रायगड, मग उमरठला तानाजी मालुसऱ्यांचं गाव. तळं आणि रायगड यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना ते काम करू द्यावं. पोलादपूरहून उमरठकडे जाताना रिक्षावाल्या दादांनी एका वाडीपाशी रिक्षा बंद केली आणि पायातल्या चपला काढल्या. कबड्डीचे सामने होते. दुसरा सामना त्यांच्या गावाचा होता आणि ते उजव्या कोपऱ्यात खेळणार होते. "तासाभरात निघू, ताई," म्हणाले. मी हो-नाही म्हणायच्या आत कुणीतरी मला खुर्ची आणून दिली, पाठोपाठ चहा.

मैदान म्हणजे भात काढून मोकळं झालेलं खाचर. ढेकळं फोडलेली, खडे वेचलेले, पाणी मारून आणि चोपून माती घट्ट केलेली. त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा, लांबी १३ मीटर, रुंदी १०. चारी बाजूंना बांबूवर दिवे. कॅनडात हिवाळ्यात बाप लोक परसात पाणी सोडून पोरांसाठी हॉकीचं बर्फाचं मैदान करतात, ती धडपड मला इथे दिसली. फरक इतकाच की तिथे एका घरापुरतं असतं, इथे अख्खी वाडी राबली होती.

चढाईला निघालेला पोरगा मध्यरेषेवर वाकला, मातीला बोटं लावून कपाळाला लावली आणि आत शिरला. पायाच्या अंगठ्यांना चिकटपट्ट्या. 'कबड्डी कबड्डी' इतकं हळू की ते पंचालाच ऐकू येत असावं. माझी नजर त्याच्या हातांवर होती. शेजारच्या आजोबांनी काठीने माझ्या खुर्चीचा पाय ठोकला: "हात काय बघताय, पाय बघा." खरंच, सगळं पायातच होतं. मागचा पाय जमिनीवर घट्ट, पुढचा चवडा सापाच्या जिभेसारखा आत-बाहेर. कोपऱ्यातल्या रिक्षावाल्या दादांनी वाट पाहिली, पाहिली, आणि तो चवडा एकदा वीतभर जास्त आत आला तसा घोटा पकडला. बाकीचे सहा जण वर कोसळले. धुळीतून शिट्टी ऐकू आली.

आजोबा मुंबईच्या गिरणीत होते. इथल्या घरोघरचे पुरुष गिरणगावात गेले आणि लालबाग-परळच्या मंडळांतून खेळले. सुट्टीला गावी आले की इथे. त्यांना जकार्ता तोंडपाठ. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई खेळांत आली तेव्हापासून २०१४पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. आणि २०१८ला जकार्त्यात आधी दक्षिण कोरियाने २४-२३ असं हरवलं, मग उपांत्य फेरीत इराणने २७-१८. दुसऱ्याच दिवशी महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७-२४ असा जिंकला. "बारा जणांत महाराष्ट्राचे दोन, रिशांक देवाडिगा न् गिरीश एर्नाक," आजोबा म्हणाले. "ते असो. पण हरलो ते बरं झालं. खेळ आशियाचा झाला."

देशाच्या पराभवावर असं बोलणारा माणूस मी प्रथमच पाहिला. आमच्याकडे कॅनडात हॉकीत हरलं की आठवडाभर सुतक असतं. इथे पोरांच्या पाठीवर फझल अत्राचलीचं नाव! त्या उपांत्य सामन्यात इराणकडून खेळलेला हाच तो डावा कोपरा. जकार्त्याच्या तीनच महिने आधी प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबा संघाने त्याला एक कोटी रुपयांना घेतलं होतं. मग तो यांचाच झाला.

महिलांच्या पराभवाची गोष्ट तर मला नववीतल्या एका मुलीने सांगितली. तिच्या शाळेचा संघ सामन्यांआधी प्रदर्शनी सामना खेळायला आला होता. इराणी महिलांच्या प्रशिक्षक शैलजा जैन होत्या, नाशिकच्या. परक्या देशात जाऊन त्यांनी तिथल्या मुलींना खेळाबरोबर योग आणि प्राणायामही शिकवला. "म्हणजे आपणच आपल्याला हरवलं," ती म्हणाली आणि दोरीच्या उड्या मारायला पळाली. २०२३मध्ये हांगझूच्या आशियाई खेळांत भारताच्या महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण परत आणलं. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक. तेव्हा संघात सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे होत्या, हेही तिनेच सांगितलं.

त्याच दिवशीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यावरून मात्र खुर्च्यांमध्ये वाद पेटला. इराणशीच २८-२८ अशी बरोबरी, मिनिटभराचा खेळ उरलेला. भारताचा पवन सेहरावत कुणालाही न शिवता बाजूच्या पट्ट्यात, लॉबीत गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे गेले. आजोबांनी काठीने मातीत पट्टा ओढून दाखवला: झटापट झाल्याशिवाय ही जागा मैदानात धरत नाहीत, म्हणून पाय टाकला तो बाद. पण एकटा चढाईपटू बाद की मागून गेलेले सगळे? जुना नियम एक सांगतो, प्रो कबड्डीतला दुसरा. पंचांनी निर्णय फिरवले, खेळाडू मैदानात बसले, खेळ तासभर बंद. अखेर भारत ३३-२९. आजोबांच्या मते निकाल बरोबर. रिक्षावाले दादा गुडघ्यावरची माती झटकत आले आणि म्हणाले, तसं जिंकण्यात मजा नाही. दोघंही एकमेकांना 'तुला काय कळतंय' म्हणाले, वयात चाळीस वर्षांचं अंतर असून.

आशियाई खेळ मॅटवर, बूट घालून होतात. घोट्याची पकड मॅटवर तशी बसत नाही, वेग लागतो. तालुक्यात मॅट कुठे मिळते हे विचारल्यावर सगळे हसले. हे हसणं मला आवडलं नाही. खेळ ज्यांनी वाढवला त्यांनाच सरावाला मॅट नसावी, याला भाबडेपणाने परंपरा म्हणू नये.

कॅनडात कबड्डी आहे का, असं पोरांनी विचारलं. आहे, म्हटलं, ब्रॅम्प्टनला पंजाबी लोक गोल मैदानात खेळतात, चढाईला आलेल्याला एकच जण अडवतो.

"लॉबी?"

"लॉबी नसते."

"मग भांडायचं कशावरून?" रिक्षावाले दादा म्हणाले आणि चपला शोधू लागले. त्यांचा पुढचा सामना साडेनऊला होता. उमरठ उद्या, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.