गहाण पडलेले घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. या दोन कामांत माणसाची जेवढी परीक्षा होते तेवढी दुसऱ्या कशात होत नाही, असा त्या म्हणीचा आशय. तिला आणखी एक पुस्ती जोडावी असे २०२५ सालापासून आम्हांस वाटू लागले आहे : घर पाहावे सोडून. ज्याच्यावर ती पाळी येते त्याची परीक्षा होतेच. परंतु जो ते घर सोडावयास लावतो, जो ते विकतो आणि जो ते विकत घेतो, त्या सर्वांचीच त्या दिवशी परीक्षा होते. आमचीही झाली, आणि तीत आम्ही पुरते उतरलो नाही. ती हकीकत त्या कुटुंबाच्या संमतीने, परंतु कोणाचेही नाव न देता, वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आळंद हे कलबुर्गीपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवरचे तालुक्याचे गाव. तुरीचा मुलूख, काळी जमीन, दगडी भिंतींची माळवदाची घरे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा हा भाग हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि पुढे त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सरहद्द कागदावर बदलली तरी माणसांची जीभ काही एका दिवसात बदलत नाही. येथे घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड आणि बँकेच्या कागदावर इंग्रजी अशी चार भाषांची वहिवाट आहे. पुढे जे घडले त्यात या चौथ्या भाषेचा मोठा वाटा आहे, म्हणून हे आरंभीच सांगितले.

आमच्या येथील एका टेंपोवाल्याने २०१८ साली वडिलोपार्जित घर बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढले. घरामागे दोन खोल्या वाढवल्या आणि जुना टेंपो देऊन नवा घेतला. दोन वर्षे हप्ते नियमाने गेले. २०२० साली टाळेबंदीत टेंपो दारात उभा राहिला, पुढे त्याला आजाराने गाठले, आणि २०२३ साली तो देवाघरी गेला. मागे पत्नी, दोन शाळकरी मुले आणि म्हातारी आई. गहाणखतावर पत्नीचीही सहकर्जदार म्हणून सही होती. आपण कशावर सही केली हे तिला नीटसे ठाऊक नव्हते. टेंपो विकून थोडे पैसे भरले, ते औटघटकेचे ठरले.

ऑगस्ट २०२४ मध्ये एका रविवारी मिस्सानंतर म्हातारी आजी आमच्याकडे एक लखोटा घेऊन आली. “फादर, एवढं वाचून बघा की. पोरं म्हणत्यात इंग्रजी हाय,” असे ती म्हणाली. आम्ही घाईत होतो. दुसऱ्या गावी बाप्तिस्म्यास जावयाचे होते. कागदावर वरवर दृष्टी टाकली, बँकेचे नाव पाहिले आणि म्हणालो, “आजी, बँकेची अशी पत्रे सर्वांनाच येतात. धीर धरा, देवावर भरवसा ठेवा.” आजीने लखोटा पदराआड केला आणि समाधानाने घरी गेली. आमचे एक वाक्य तिला पुरेसे वाटले.

तो कागद म्हणजे २००२ सालच्या सरफेसी कायद्याच्या तेराव्या कलमाखालील मागणीची नोटीस होती. साठ दिवसांच्या आत सारी थकबाकी, अकरा लक्ष चाळीस हजार रुपये, भरावी, अन्यथा बँक गहाण मिळकतीचा ताबा घेईल असे तीत लिहिले होते. या साठ दिवसांत कर्जदाराने लेखी हरकत कळवली तर ती मान्य का होत नाही हे बँकेस पंधरा दिवसांत कळवावे लागते. तडजोडीची भाषा करावयाची, हप्ते बांधून मागावयाचे किंवा आपणच गिऱ्हाईक शोधून योग्य किमतीस घर विकावयाचे, तर सर्वांत चांगला काळ तोच. आम्ही चार वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईशज्ञान शिकलो, लॅटिनही थोडीफार येते. परंतु एका म्हातारीच्या हातातील दोन पानांचे इंग्रजी आम्ही वाचले नाही. आणि वर देवाचे नाव घेतले! भरवसा ठेवा असे सांगणे ज्या वेळी स्वतःचे श्रम वाचवण्यासाठी असते, त्या वेळी तो उपदेश नसून आळस असतो.

नोव्हेंबरात बँकेने दारावर ताब्याची नोटीस डकवली आणि कायद्याप्रमाणे दोन वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केली, एका इंग्रजी आणि एका कन्नड. अशा नोटिशीनंतर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तेही दिवस गेले. पुढे १२ फेब्रुवारी २०२५ रोजी कर्नाटकात लहान कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम निघाला. कर्जवसुलीवाल्यांच्या जाचाने माणसे गाव सोडून जात होती, तेव्हा त्याची निकड होतीच. परंतु बाजारात बातमी पसरली ती अशी की, ‘सर्वांची कर्जे माफ झाली’. त्या कुटुंबानेही ती खरी मानली. बँकेच्या गहाणखतावरील कर्ज त्या वटहुकुमाने माफ झाले नव्हते.

मार्चमध्ये बँकेचा एक अधिकारी आमच्याकडे आला. तरुण, कॅथलिक, शेजारच्या जिल्ह्यातील. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा हुकूम त्याच्या हाती पडला होता. खुर्चीच्या टोकाशी बसून तो म्हणाला, “फादर, हे घर मला घ्यावंच लागेल. ठेवी ठेवणारीही गरीब माणसंच आहेत. त्यांना पैसे परत द्यायचे तर वसुली करायलाच हवी. पण कसं घ्यावं हे सांगा. मला आजवर असं कुणाचं घर घ्यावं लागलं नाही.” तेव्हा कोठे आम्ही तो लखोटा मागवून पुरता वाचला. वाचून होईतो आमचे तोंड कोरडे पडले. त्याला काय सांगावे हे आम्हांस सुचेना, आणि आमची चूक मात्र प्रथम त्यालाच सांगितली.

आमचे मूळ गाव नगर जिल्ह्यातील. १८७५ सालच्या दंग्याच्या गोष्टी आजोबा सांगत, त्या आम्हांस त्या रात्री आठवल्या. त्या साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणबी सावकारांवर उठले, आणि ते लोण नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे भागात पसरले. जमावाचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि गहाणखते बाहेर काढून त्यांच्या होळ्या केल्या, कारण त्यांत काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्यास कळत नसे. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात दस्तऐवज गावच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर लिहून घ्यावा, न्यायालयाने रोख्याच्या मागील खरा व्यवहार तपासावा अशा तरतुदी होत्या. त्या कुणब्यांना कागद वाचता येत नव्हता. आम्हांस येत होता आणि आम्ही वाचला नाही, हा विचार मनातून जाईना.

ताबा घेण्याचा दिवस मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत पुढे गेला, हे त्या अधिकाऱ्याचे पहिले सत्कृत्य. दुसरे म्हणजे, पंधरा दिवस आधी तो स्वतः जाऊन तारीख सांगून आला. तोवर आम्ही बाजारपेठेमागे दोन खोल्या भाड्याने पाहिल्या. एप्रिलच्या त्या सकाळी महसूल खात्याची माणसे, दोन पोलीस, पंच आणि सामानासाठी एक टेंपो अशी सर्व मंडळी दारात उभी राहिली. पंचनामा करणाऱ्यांनी आत शिरण्यास पाऊल उचलले तेव्हा अधिकारी म्हणाला, “थांबा. त्यांचं सामान त्यांनाच बाहेर आणू द्या.” मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, असाच दंडक आहे : तारण घेणाऱ्याने कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि त्यालाच वस्तू आणून देऊ द्यावी. त्याच अध्यायात जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेण्यास बंदी आहे, कारण ते घेणे म्हणजे माणसाचे जीवितच गहाण घेणे. आजीचे जाते जड होते; ते त्या दिवशी आतच राहिले. यादीत ‘दगडी जाते, एक’ अशी नोंद झाली. दाराला कुलूप आणि मोहर लागली. आजी रडली नाही. तिने उंबऱ्यावर हात ठेवला, तो कपाळाला लावला आणि चालू लागली.

वाचकहो, घर ताब्यात आले म्हणजे बँकेचे काम संपले असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तेथूनच तिची जबाबदारी सुरू होते. ताब्यात घेतलेल्या मिळकतीची काळजी शहाणा मालक घेतो तशी घ्यावी असा नियमच आहे. मे महिन्याच्या अखेरीस त्या विधवा बाई आमच्याकडे आल्या. त्यांची तक्रार नव्हती. त्या म्हणाल्या, “फादर, मृग निघायच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायला सांगा. गवत उपटायला पाहिजे, पन्हाळी मोकळी करायला पाहिजे. नाही तर मागची भिंत बसंल.” जे घर आपले उरले नाही त्याची त्यांना ही काळजी! अधिकाऱ्याने चार दिवसांत गडी लावून ते काम करून घेतले. आम्ही मनात म्हटले, ही विधवेची सूचना बँकेलाही शहाणपण शिकवणारी आहे. कारण गळलेल्या घराला किंमत कोण देणार?

जुलैत लिलाव पुकारला गेला. हल्ली तो संगणकावर होतो. मूल्यमापकाच्या अहवालावरून किमान किंमत चौदा लक्ष ठरली होती. एकही बोली आली नाही. गावात बोलणे असे चालले होते की, विधवेच्या तळतळाटाचे घर कोण घेणार? आमच्याही मनास ते बरे वाटले. गाव तिच्या बाजूने उभे राहिले असे आम्ही समजलो, आणि तसे अधिकाऱ्यास बोलूनही दाखवले.

त्याने वही काढून आम्हांस हिशेब समजावला. व्याज रोज चढते आहे, जाहिरातीचा व राखणीचा खर्चही त्याच खात्यावर पडतो. घर विकून बँकेचे येणे व खर्च फिटल्यावर जे उरेल ते कायद्याने कर्जदाराचे. आणि कमी पडेल तर बाकीची वसुली पुन्हा त्याच बाईंच्या मागे लागते. बोली येत नाही म्हणून किमान किंमत उतरवली की कोणी बाहेरचा दलाल दहा लक्षांत घर उचलील, घर जाऊन वर देणे उरेल. “फादर, गाव दया करतंय, पण ती दया बाईंच्याच अंगावर येणार आहे,” तो म्हणाला.

हे आम्हांस अगदी नवे होते. वास्तविक ते नवे नाही. इटलीतील पेरूजा नगरीत १४६२ साली फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणावर कर्ज देणारी संस्था निघाली, आणि अशा संस्थांना १५१५ साली लॅटरन धर्मपरिषदेने मान्यता दिली. तेथेही न सोडवलेली वस्तू विकली जाई. परंतु कर्ज वळते करून उरलेले पैसे मालकाला परत करावयाचे असत. विकणे हे निर्दयपण नव्हे. मातीमोलाने विकणे, आणि वरकड गिळणे, हे निर्दयपण.

पुढच्याच आठवड्यात आमच्या सभेतील एक कापडवाले गृहस्थ चोरट्या पावलांनी भेटावयास आले. त्यांना घराची गरज होती, पैसेही होते. “फादर, ते घर घेतलं तर पाप लागेल का? शाप बाधेल का?” असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, “पडत्या भावाची वाट पाहत बसाल तर पाप आहे. वाजवी किंमत देऊन घ्याल तर बाईंवर उपकार आहे. प्रथम त्यांना भेटा.” त्यांनी आधी पुरसभेतील घरपट्टीची आणि वीजबिलाची बाकी तपासली, कारण असे घर ‘जसे आहे तसे’ विकले जाते. नंतर ते पत्नीला घेऊन बाईंकडे गेले. बाई एवढेच म्हणाल्या, “तुम्हीच घ्या. निदान ओळखीचं माणूस राहील.”

ऑगस्टातील दुसऱ्या लिलावात दोन बोल्या आल्या. चौदा लक्ष साठ हजारांस घर कापडवाल्यांकडे गेले. चौथा हिस्सा त्यांनी लगेच भरला, उरलेले तीन हिस्से पंधरा दिवसांत, आणि बँकेने विक्रीचे प्रमाणपत्र दिले. येणे व खर्च मिळून बारा लक्ष नव्वद हजार झाले होते. एक लक्ष सत्तर हजार बाईंना परत मिळाले. त्यांनी ते टपाल कार्यालयात ठेवले. बँकेत नको, म्हणाल्या. कापडवाल्यांनी राहावयास जाण्यापूर्वी चार गडी लावून जाते आजीच्या भाड्याच्या खोलीत पोचवले.

शेवट गोड झाला असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही तो कागद वाचला असता तर कदाचित हप्ते बांधून मिळाले असते. नाही तर बाईंनी स्वतःच्या हाताने घर विकले असते, कुलूप-मोहर लागली नसती, आणि एका वर्षाचे व्याज वाचले असते. ते पैसे कोणाच्या चुकीने गेले हे आम्ही जाणतो. आजीस तसे सांगून आम्ही क्षमा मागितली. ती म्हणाली, “असू द्या फादर, तुमाला तरी काय ठावं?” परंतु आम्हांस ठाऊक असावयास हवे होते, हेच तर खरे.

तेव्हापासून दर रविवारी मिस्सानंतर आम्ही ओसरीवर अर्धा तास बसतो. ज्याला जो सरकारी वा बँकेचा कागद आला असेल तो त्याने आणावा. कन्नड असल्यास शाळेचे मास्तर वाचतात, इंग्रजी असल्यास आम्ही. आपल्या गावीही अशी सोय करावी, ही वाचकांस विनंती. घरात बँकेचा लखोटा आला असेल तर तो देव्हाऱ्यामागे किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. त्याच दिवशी वाचून घ्या, वरची तारीख पाहा आणि साठ दिवस मोजा. बँकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना सांगा की, घर घेणे भागच पडले तर दाराबाहेर उभे राहावे, पावसाआधी माळवद पाहावे आणि हिशेबातील शेवटचा रुपयासुद्धा ज्याचा त्याला द्यावा. आणि ज्याला कागद वाचता येतो त्याने, बाप्तिस्म्याची घाई असली तरी, खुर्चीवर बसून तो शेवटपर्यंत वाचावा.