पंचशाख

अमरकोशात हाताला ‘पंचशाख’ असे एक नाव आहे. पाच शाखा आहेत ज्याला, तो पंचशाख. मुलांना या समासाचा विग्रह मी वर्षानुवर्षे मोठ्या प्रेमाने सांगत आलो. हाच शब्द चित्रकाराच्या वाटेत आडवा येतो, हे मात्र मला निवृत्तीनंतर कळले.

आमच्या शाळेतील एक ड्रॉइंग मास्तर आता चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना घरी शिकवितात. एके दिवशी ते म्हणाले, “गुरुजी, तासभर हात उसना द्या. शिरा वर आलेला म्हातारा हात हवा आहे!”

मी जाऊन बसलो. मास्तरांनी प्रथम माझ्याकडे पाठ करवून मुलांना आठवणीनेच हात काढावयास लावले. बहुतेकांच्या कागदावर एक चौकोन आणि त्याला चिकटलेल्या पाच शेंगा! “हा हात झाला की मुळ्यांची जुडी?” मास्तर हसून म्हणाले. “बोटे मोजू नका. पाच आहेत हे ठाऊक असते, म्हणूनच हात चुकतो.”

मग त्यांनी मुलांना माझ्याकडे वळविले. आधी तळहाताचा आकार, नंतर चारी बोटे मिळून एकच आकार; अंगठा निराळा, कारण तो मनगटाजवळून निघतो. बोटांच्या मुळाचे सांधे सरळ रेषेत नसून कमानीत बसतात. हात पालथा असता मधले बोट सांध्यापासून टोकापर्यंत जवळजवळ अर्ध्या हाताएवढे भरते. उताणा केला की तेच आखूड दिसते, कारण तळव्याची कातडी सांध्याच्या पुढे चढलेली असते. हाताची सत्तावीस हाडे मला पाठ होती. ही एवढीशी गोष्ट साठी उलटेपर्यंत दिसली नव्हती.

शेवटी मास्तरांनी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र दाखविले. १८७२ पासून ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात कित्येक हिवाळे घालविले. पद्मपाणीच्या बोटांत हाडांचा मागमूस नाही. पण कमळ किती हलके धरले आहे, ते पाहताक्षणी कळते.

त्या रात्री जेवताना आमच्या सौभाग्यवती भात वाढीत होत्या. डोळ्यांना नवी सवय लागलेली. नजर त्यांच्या हाताकडे गेली. उजव्या तर्जनीचे शेवटचे पेर गाठ येऊन एका बाजूस वळलेले होते.

“हे केव्हापासून?” मी विचारले.

“झाली पाच-सहा वर्षे. कणीक मळताना ठणकते.”

“मग बोलली कशी नाहीस?”

“बोलायचे काय त्यात? रोज तुमच्यासमोरच तर वाढते आहे!”

त्या भाताबद्दल बोलल्या की दुखण्याबद्दल, हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही. विवाहविधीला आपल्याकडे पाणिग्रहण म्हणतात. त्या शब्दाचाही विग्रह मी वर्गात अनेकदा केला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेले. झालेला वाक जाणार नाही, पण ठणका कमी करता येईल, असे ते म्हणाले. संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन तो हात काढावयास बसलो. “इश्श, या वयात हे काय!” म्हणत त्यांनी तो दोनदा पदराआड घेतला. चित्र काही साधले नाही. ते एक बोट तेवढे जसे आहे तसे उतरले.

तेव्हापासून घरातील कणीक मी मळतो. सैल होते, अशी सूनबाईंची तक्रार आहे.