पुरेसं

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या भोवतालच्या गावांत सकाळी गेलं तर बहुतेक दारांना कडी असते. माणसं पहाटेच तेंदूपानाला जंगलात गेलेली असतात. ऊन चढलं की डोक्यावर गाठोडी घेऊन परततात आणि मग दुपारभर पडवीत पुडके बांधणं चालतं. एका पुडक्यात 70 पानं. लहानपणी मी आईजवळ बसून तिच्या ओठांकडे पाहत असे. पानावर पान पडे, ओठ हलत, सत्तरावं पान ठेवलं की सालीच्या दोरीची गाठ बसे. मध्ये कुणी हाक मारली तर ती नुसती बोटानं ‘थांब’ म्हणायची. मोजणं म्हणजे काय हे मला शाळेच्या आधी त्या बोटानं शिकवलं.

आता त्याच पडवीत संध्याकाळी पाच-सहा मुलंमुली माझ्याकडे शिकायला येतात. कुणाला बँकेची परीक्षा द्यायची आहे, कुणाला राज्यसेवेची. केंद्रीय लोकसेवा आयोगानं 2011 साली आणि आपल्या राज्याच्या आयोगानं 2013 साली पूर्वपरीक्षेत कल चाचणी आणली. तिच्या अभ्यासक्रमात ‘माहितीची पर्याप्तता’ हा एक छोटा भाग आहे. माझा तो सर्वांत लाडका. एक प्रश्न असतो, खाली दोन विधानं. उत्तर काढायचंच नसतं. पहिलं विधान एकटं पुरतं का, दुसरं एकटं पुरतं का, दोन्ही मिळून पुरतात का, की दोन्ही मिळूनही अपुरी पडतात, एवढंच सांगायचं.

मुलांना हे सुरुवातीला फार जड जातं. हात आपोआप बेरजेकडे धावतो. त्याहून अवघड म्हणजे, दुसरं विधान वाचताना पहिलं मनातून पूर्ण पुसून टाकणं. एकदा कानावर पडलेली गोष्ट बाजूला ठेवून नव्या साक्षीकडे कोऱ्या मनानं पाहायचं, हे गणितापुरतं शिकायलाही महिना जातो.

त्यात पूर्णांकांच्या सरासरीचे प्रश्न आले की मला दिवा लावावासा वाटतो. परवा मी विचारलं: तीन वेगवेगळ्या नैसर्गिक संख्या आहेत, त्यांतली सर्वांत मोठी कोणती? विधान एकच: त्यांची सरासरी 2 आहे. सगळे म्हणाले, अपुरं. कोपऱ्यात बसणारी एक मुलगी गप्प होती. तिनं वहीच्या समासात 6 लिहिले, त्याखाली 1, 2, 3 लिहिले, मग दुसरं एखादं त्रिकूट जमतं का ते पाहिलं. जमेना. तिनं मान वर केली आणि हळूच म्हणाली, ‘‘सर, पुरतं.’’ अपूर्णांक चालले असते तर उत्तरं असंख्य झाली असती. संख्या अखंड आहेत, वेगवेगळ्या आहेत, हीच न सांगितल्यासारखी सांगितलेली माहिती होती. जगातल्या कितीतरी वस्तू अशा अखंडच असतात. अर्धं माणूस नसतं, अर्धं झाड नसतं.

भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या ‘लीलावती’त खड्ड्याच्या मापाची रीत आहे. रुंदी, खोली अनेक ठिकाणी मोजायची, बेरीज करून जागांच्या संख्येनं भागायचं. या सरासरीला ते सममिती म्हणतात. आमच्या भागात मालगुजारीच्या काळातले तलाव गावोगाव आहेत. तळ उंचसखल, पण सममिती काढली की तलावात पाणी किती मावेल ते सांगता येतं. पोहायला उतरलेल्या पोराचे पाय कुठे टेकतील, ते मात्र त्या आकड्यावरून सांगता येत नाही. माहिती तीच. एका प्रश्नाला पुरते, दुसऱ्याला पुरत नाही.

मुलांना मी घरचंच एक गणित घालतो. चार जणींनी बांधलेल्या पुडक्यांची सरासरी 50. कुणी पन्नासाहून जास्त बांधले का? विधान: एकीनं 30 बांधले. उत्तर आहे, पुरेसं. एक जण सरासरीच्या खाली असेल तर दुसऱ्या कुणीतरी वर असलंच पाहिजे. त्याला सुटका नाही. आता विचारा, जास्त बांधणारी कोण? अपुरं.

ती तीसवाली म्हणजे माझी आजी. तिचे हात थरथरत. अंधार पडल्यावर आई कंदील घेऊन बसायची हे मला आठवतं. पण काकूही उठून बसायची, आत्याही. मजुरी घरात एकत्र यायची, मोजदाद कुणी ठेवली नाही. आईचं नाव घ्यावंसं फार वाटतं, तरी मी ‘अपुरं’ हाच पर्याय निवडतो. प्रेमाला पुरेल एवढी माहिती माझ्याजवळ आहे, निवाड्याला पुरेल एवढी नाही.

जिल्ह्याचंही तसंच आहे. महाराष्ट्राचं वनाच्छादन सुमारे 16 ते 17 टक्के, आणि गडचिरोलीचं दोन तृतीयांशांच्या घरात. राज्याचा तो आकडा आमच्या जंगलानं उचलून धरला आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर होती, आमची 74 च्या आसपास. तिथं दुसऱ्या कुणीतरी आम्हाला उचललं. प्रत्येक सरासरीत कुणी कंदील लावून बसलेलं असतं आणि कुणाचे हात थरथरत असतात.

पोरांनो, उद्या तुमच्यातलं कुणी तहसील कचेरीत बसेल, कुणी बँकेत. समोर एखाद्या गावाची सरासरी येईल. सही करण्याआधी एवढंच विचारा, हा आकडा कोणत्या प्रश्नाला पुरतो? आणि पुरत नसेल तर ‘अपुरं’ असं न घाबरता लिहा. तेही बरोबर उत्तर असतं, त्यालाही पूर्ण गुण मिळतात.